दिवाणखान्यातला समुद्र

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. समुद्र पाहायचा तर घाट उतरून कोकणात जावे, अशी आमच्या वाडवडिलांची समजूत होती. गेली तीन वर्षे मात्र समुद्र आमच्या कोथरूडच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या डाव्या हाताला आहे. २०० लिटरच्या काचेच्या टाकीत खारे पाणी, त्यात दगड आणि दगडांत मासे. येणाऱ्या पाहुण्याने आधी तो पाहायचा आणि मग चहा घ्यायचा, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. याच समुद्रावरून यंदा नवरात्रात आमच्या घरी जे वादळ झाले, त्याची ही हकीकत आहे. मात्र नुसती हकीकत सांगून मी थांबणार नाही. मला भांडायचे आहे, आणि ते आपल्यापैकी पुष्कळांशी.

ही टाकी चिरंजिवांनी हौसेने आणली, हे खरे. पण तिच्यावर जीव जडला तो माझा. निवृत्त माणसाला सकाळी उठून काही करायला लागते. मी पाण्याचा खारेपणा मोजू लागलो, वहीत टिपू लागलो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. म्हणून रोज घालायचे ते गोडे पाणी. हे मला साठी उलटल्यावर कळले आणि नातीला सहाव्या वर्षी कळले, याचे मला कौतुक वाटे.

दुसऱ्या वर्षी आम्ही प्रवाळ आणले. दुकानदाराने पाण्याच्या पिशवीतून मुठीएवढा हिरवट तुकडा दिला. पावतीवर 'डेकोरेशन' असे लिहिले होते. तेव्हा ते मला खटकले नाही. रात्री दिवे मंद झाले की त्या दगडातून बारीक बोटे बाहेर यायची, आणि सौ. सुद्धा हातातले काम टाकून पाहत उभी राहायची. या वर्षी मे महिन्यात आम्ही चार दिवस गावी गेलो. पाणी गार ठेवणारे यंत्र बंद पडले. परत आलो तेव्हा तपमापकावर ३२ अंश होते आणि प्रवाळ चुन्यासारखे पांढरे पडले होते. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहते, आणि त्याचे बहुतेक पोट तेच भरते. पाणी फार तापले की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकते आणि उपाशी मरते. आमचे मेले. नात दोन दिवस त्या टाकीकडे फिरकली नाही.

यावर चिरंजिवांनी काढलेला उपाय आजच्या कोणत्याही माणसाने काढला असता तोच होता. "बाबा, आपण टाकीच बदलू." ५०० लिटरची नवी टाकी, तिच्याखाली फडताळात दुसरी टाकी, तिच्यात मोठा स्किमर, शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा, नवे गारयंत्र, आणि अर्थात नवे प्रवाळ. दुकानदाराचा अंदाज एक लाख दहा हजारांचा. पाणी, काच आणि दगड मिळून वजन पाऊण टनाच्या घरात. स्लॅब तेवढे पेलेल की नाही हे इंजिनियरला विचारायचे, आणि तो 'पेलेल' म्हणाला की दिवाळीला मुहूर्त करायचा.

मी आधी या बेताच्या बाजूने होतो, हे कबूल करतो. गाळण्याची ती रचना ऐकून मी मोहून गेलो. स्किमर म्हणजे काय? पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे. माशांच्या विष्ठेतले आणि कुजलेल्या अन्नातले चिकट पदार्थ बुडबुड्यांना धरून वर येतात आणि फेस होऊन भांड्यात पडतात. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात, त्याचाच हा भाऊ. आणि पाणी एका कप्प्यात निवळून दुसऱ्यात घेण्याची युक्ती तर पुणेकरांना नवी नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तळी बांधून नळाने शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. तिथेही एका तळ्यात गाळ बसे आणि निवळलेले पाणी पुढे जाई. त्याला विजेचे बिल येत नव्हते, एवढाच फरक.

मग मी वही घेऊन हिशेबाला बसलो आणि एक साधा प्रश्न पडला. ही गाळलेली घाण जाते कुठे?

माशाने टाकलेला अमोनिया विषारी असतो. दगडांवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट पुष्कळ कमी विषारी. पण ते साचत राहते. थोडेसे दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथले जिवाणू संपवतात. उरलेले काढायचे तर शेवाळ वाढवून कापा, नाहीतर पाणी बदला. दर आठवड्याला दहावा हिस्सा म्हटला तरी ५०० लिटरमागे ५० लिटर. वाफ होऊन उडणारे रोजचे ५ लिटर धरले तर आठवड्याचे ३५. एकूण ८५. हे पाणी नळाचे चालत नाही, शुद्धीकरण यंत्रातून काढावे लागते, आणि आमच्या घरचे ते यंत्र एक बादली शुद्ध पाणी देताना तीन बादल्या मोरीत सोडते. म्हणजे आठवड्याला ३४० लिटर खडकवासल्याचे पाणी आमच्या दोन-चार माशांच्या नावावर. ज्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकरच्या वर्गणीवरून सभा तापते, त्या सोसायटीत! शिवाय बदललेल्या ५० लिटरांबरोबर पावणेदोन किलो क्षार जाणार, वर्षाला नव्वद किलोंच्या वर. पहिल्या वर्षी मी असेच जुने पाणी काटकसर म्हणून कढीपत्त्याच्या कुंडीत ओतले होते. कढीपत्ता पंधरा दिवसांत गेला. सौ.ने त्याबद्दल मला अजून माफ केलेले नाही.

कुंडीत चालत नाही ते मोरीत चालते, कारण मोरीचे दुसरे टोक आपल्याला दिसत नाही. ते टोक मुठेत आहे. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमेचे पाणी उजनीच्या धरणात साठते. तिथले लोक ते पितात. माझी टाकी निवळशंख होते म्हणजे घाण संपत नाही, तिचा पत्ता बदलतो. माझ्या एका टाकीने उजनी खारट होणार नाही, हे मला कळते. पण 'माझ्या एकट्याने काय होते' हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक मोरीच्या तोंडाशी उभे राहून म्हणता येईल, आणि मुठेची आजची अवस्था बरीचशी याच वाक्याने केलेली आहे.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, मोठ्या टाकीत पाणी लवकर बिघडत नाही. सगळे जाणकार हेच सांगतात." बरोबर सांगतात. जास्त पाणी हळू तापते, हळू नासते. पण ही गोष्ट खरी ठरायला एक अट आहे. टाकी मोठी झाली तरी मासे तेवढेच ठेवायचे. तसे कोणी ठेवले आहेत काय? अंदाजाच्या त्याच कागदावर खाली सात नव्या माशांची नावे होती! पाणी अडीचपट आणि मासे चौपट. विद्यापीठ चौकातल्या कोंडीवर उपाय म्हणून आपण उड्डाणपूल बांधला. कोंडी हटली नाही. २०२० साली तोच पूल पाडून तिथे दुमजली पूल बांधायला घेतला. आमच्या टाकीची गोष्ट याहून वेगळी झाली नसती. चार वर्षांनी हजार लिटरचा अंदाज आला असता.

आता मुद्द्याची गोष्ट. इतके स्वच्छ पाणी मागतो कोण? मासे मागत नाहीत. आमच्याकडच्या क्लाउनफिशची जोडी थोड्याफार नायट्रेटमध्ये सुखाने राहते. ते नखभर जास्त झाले की कुरकुर करते ते दगडी प्रवाळ. मोठा स्किमर, प्रखर दिवे, गारयंत्र, हा सगळा जामानिमा प्रवाळासाठी. आणि हे प्रवाळ घरात ठेवण्याचा आपल्याला अधिकार काय?

याचे उत्तर शोधताना मी चपापलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळ घातले गेले. वाघ याच अनुसूचीत आहे. कायद्याच्या पंगतीत वाघ आणि प्रवाळ मांडीला मांडी लावून बसतात. कोणी सांगितले की अमक्याच्या दिवाणखान्यात वाघाचा बछडा आहे, तर आपण पोलिसांना फोन करू. प्रवाळ असेल तर आपण म्हणतो, "वा, काय सुरेख रंग!" मुंबईच्या सागरी रस्त्याच्या कामात किनाऱ्याचे प्रवाळ थोडे बाजूला न्यायचे होते, तर २०२० साली तिथल्या महापालिकेला वनखात्याची परवानगी काढावी लागली. मी मात्र ते डेकोरेशनच्या पावतीवर पिशवीतून घेऊन आलो होतो.

एक स्नेही म्हणाले, "समुद्र तापतोय, प्रवाळ तिथे मरतातच. चार घरी वाचली तर काय बिघडले?" समुद्र तापतो हे खोटे नाही. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. पण वाचवणे म्हणजे काय? आमच्या घरी ते वाचले की चार दिवसांच्या सुट्टीत मेले? घराला आग लागली म्हणून त्यातली भांडी उचलून नेणाऱ्याला आपण अग्निशामक म्हणत नाही. दुसरे स्नेही म्हणाले, मुलांचे शिक्षण होते. होते ना. पण पावतीवर खोटे लिहून आणलेल्या वस्तूवरून मूल आणखीही काही शिकते, ते कोणत्या विषयात धरायचे?

मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडा नातीने खिडकीत ठेवला होता. तोही घरात ठेवता येत नाही. मी तो वनखात्याच्या कार्यालयात नेऊन द्यायचे ठरवले, तेव्हा घरात खरे वादळ झाले. "बाबा, स्वतः होऊन कशाला जाता? उद्या आपल्यावरच शेकेल!" सौ. म्हणाली, "अहो, रात्री नेऊन टाका कुठेतरी." मी पुष्कळ विचार केला. भीती मलाही वाटत होती. पण कुठेतरी टाकायचे म्हणजे पुन्हा तेच, मोरीचे दुसरे टोक. मी गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळी हकीकत अर्जात लिहून दिली आणि सांगाडा टेबलावर ठेवला. पुढे काय व्हायचे ते होईल. नात बरोबर होती. परत येताना रिक्षात तिने विचारले, "आजोबा, आपण चोर होतो का?" मी म्हटले, "आपल्याला ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. आता पुन्हा आणले तर चोर."

टाकी बदलली नाही. सात मासे आले नाहीत. आहे ती जोडी आहे. या जातीची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बंदिस्त पाण्यातच साधलेली आहे, म्हणजे हा मासा हवा असेल तर समुद्र ओरबाडावाच लागतो असे नाही. खाणे निम्मे केले. दोन मिनिटांत संपेल तेवढेच घालायचे, ही चिमूट नातीच्या हातात आहे. प्रखर दिवे उतरवले. जुने लहान गाळणयंत्र तेच आहे, आणि महिनाभरात माझ्या वहीतला नायट्रेटचा आकडा खाली आला. पाणी आता पंधरा दिवसांनी बदलतो. एक लाख दहा हजारांनी जे झाले असते, त्यातले बरेचसे एका चिमटीने झाले.

भाऊबीज झाली की आम्ही सगळे मालवणला जाणार आहोत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहे, आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. तोंडाला नळी लावून वरून पाहायचे, हात लावायचा नाही आणि पाय तर मुळीच टेकायचा नाही, हे नातीने आत्ताच पाठ केले आहे. चिरंजीव अजून थोडे रुसलेले आहेत. पण तिकिटे त्यांनीच काढली.

माझे म्हणणे एवढेच आहे. गाळणी मोठी करण्याआधी ताटात वाढायचे ते कमी करून पाहा. टाकीचे, शहराचे, घराचे, कशाचेही. आणि जे आपले नाही ते कितीही स्वच्छ पाण्यात ठेवले तरी आपले होत नाही. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी दिवाळीत आमच्या घरी भांडायला यावे. फराळ मिळेल, माशांची जोडी पाहायला मिळेल. प्रवाळ पाहायचे असेल, तर मालवणची गाडी दाखवीन.