पत्त्यातला गट क्रमांक

लवळ्याच्या फ्लेम विद्यापीठाच्या पत्त्यात 'गट क्रमांक 1270' असे लिहिलेले असते. मुळशी तालुक्यात कुणाला त्याचे नवल वाटणार नाही. पण हे गट आले कुठून? पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर हे गाव बांधाबांधाने तपासले आणि 1917 साली ती पाहणी छापली. 1771 मध्ये तिथली सरासरी जमीनधारणा 40 एकर होती, ती 1915 मध्ये 7 एकरांवर आली होती. 156 जमीनमालकांच्या रानाचे 729 तुकडे, त्यांतले 463 एकराहून लहान. जमिनीच्या तुकड्यांवरच्या वादाला आकडे मिळाले ते अशा पाहण्यांतून. 1947 साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला आणि त्याच्या योजनेत गावोगावचे सर्व्हे नंबर जाऊन गट आले. प्राध्यापकांचे काम सातबाऱ्यापर्यंत पोचते, ते असे.

मात्र मान यांचे पुस्तक इंग्रजीत होते. ज्यांचे बांध मोजले, त्यांना ते वाचता येणार नव्हते. शंभर वर्षांत ही खोड फारशी मोडलेली नाही, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. लवळ्यात आज सिम्बायोसिस आणि फ्लेम अशी दोन विद्यापीठे आहेत. सामाजिक प्रश्नांवर बोलायला वाहिन्यांना तज्ज्ञ लागतात, ते अशाच ठिकाणी शोधले जातात. पण अभ्यास ज्यांच्यावर झाला त्यांच्या हाती तो त्यांच्या भाषेत आणि वेळेत पडला नाही, तर तो अर्धाच झाला असे मी म्हणेन. वेळेचे महत्त्व याच तालुक्याला विचारावे. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला. राजेंद्र व्होरांनी त्याचा सविस्तर अभ्यास मांडला तोवर सात-आठ दशके लोटली होती. इतिहास म्हणून तो मोलाचा, पण पाण्याखाली गेलेल्या गावांना त्याचा काय उपयोग? उलट डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली, ती 1969 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ती माणसे नव्या जागी संसार मांडतच होती.

यावर उत्तर ठरलेले असते: विद्यापीठ म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, आणि संशोधनाची पारख जाणकार समीक्षकांनी करायची, गावाने नव्हे. पहिले मान्य. समीक्षा हवीच, ती वगळा असे कोणी म्हणत नाही. पण पद्धत चुकली की नाही हे समीक्षकाला कळते; सातबाऱ्यावर नाव असलेली बहीण हक्कसोडपत्रावर सही करायला का गेली, तिला त्याचे काय मिळाले, हे तिच्या शेजारणीला जास्त कळते. प्राध्यापकांची अडचण मात्र खरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत सामाजिक शास्त्रांतल्या मान्य नियतकालिकातील एका निबंधाला 10 गुण आहेत. गावात उभे राहून निष्कर्ष समजावून सांगण्याला त्या तक्त्यात रकाना नाही. ज्याला बढती हवी तो गुण मिळतात तिकडेच जाणार, त्यात त्याचा दोष काय काढायचा?

तरीही लवळ्यापुरते पाहिले तर विषय दाराशी आहे. जमिनीचा पैसा आला तो घरात कुणाकडे गेला, किती टिकला? गुंठा-दोन गुंठ्यांचे नोटरीवर झालेले व्यवहार तुकडेबंदीच्या कायद्यात कुठे बसतात? विद्यापीठाच्या फाटकावर गावातल्यांना नोकरी मिळाली ती सुरक्षारक्षकाची की आणखी कशाची? शेवटचा प्रश्न विद्यापीठांना अवघड जाईल, म्हणून तो आधी घ्यावा. शेजारचे सूस 2021 साली पुणे महापालिकेत गेले. लवळ्यात अजून ग्रामसभा भरते, तोवर हे निष्कर्ष मराठीत वाचून दाखवायला आणि त्यातल्या चुका ऐकून घ्यायला जागा आहे.