इंग्रजी विशेषणे आणि आपली मराठी सवय

गेल्या उन्हाळ्यात काही कामानिमित्त ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. तेथील लष्कर भागात शिंदे की छावनी नावाची वस्ती आहे. माझी एक मावसबहीण तेथे राहते. तिचे यजमान तरुणपणी नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्यापाशी आपल्या फौजेचा तळ दिला. तंबूंच्या जागी घरे उठली, घरांचे शहर झाले, आणि नाव मात्र 'लष्कर' हेच राहिले. अशा गावी मराठी माणसाला परके वाटू नये हे खरे. पण दोन दिवसांत ध्यानी आले की माझ्या बहिणीच्या घरात तीन भाषा नांदतात. स्वयंपाकघरात मराठी, अंगणात हिंदी आणि कपाटातल्या पुस्तकांत इंग्रजी.

वाचकहो, हे सारे सांगण्याचे कारण माझी भाची. मुलगी गुणी, परिचर्येचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. एका रुग्णालयात जागा निघाली म्हणून तिने अर्ज केला. मुलाखतीस बोलावणे आले. या कामाची आवड आहे का, असे विचारता ती म्हणाली, 'आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस वर्क.' समोरचे गृहस्थ हसले. ते तसेच का हसले हे तिला घरी आल्यावर थोरल्या भावाने सांगितले, आणि त्या दिवसापासून तिने इंग्रजीत तोंड उघडणेच सोडले. मी गेलो तेव्हा दुसऱ्या एका जागेचा अर्ज तिच्या टेबलावर अर्धवट पडला होता आणि मुदत संपण्यास सहा दिवस उरले होते. बहीण मला म्हणाली, “भाऊ, तू एवढे लिहितोस, हिला जरा बसवून सांग ना.”

तिकडे उन्हाळ्यात रात्री गच्चीवर पाणी मारून बिछाने घालतात. त्या गच्चीवर आमची शाळा भरली.

प्रथम मी तिला तिच्याच पत्त्याकडे पाहण्यास सांगितले. शिंदे की छावनी. हा 'की' कोठून आला? छावनी स्त्रीलिंगी म्हणून. बाग असती तर हिंदीत 'शिंदे का बाग' झाले असते. आपण मराठीत म्हणू शिंद्यांची छावणी, शिंद्यांचा वाडा, शिंद्यांचे घर. पुढे जसे नाम येईल तसे मागच्या शब्दाने रूप बदलायचे, ही आपल्या भाषेची रीत. विशेषणांचेही तेच: मोठा घोडा, मोठी घोडी, मोठे घोडे, मोठ्या घोड्यावर. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. ग्वाल्हेरात वाढलेली माझी भाची मराठी बोलताना 'मोठा घर' म्हणून जाते, कारण हिंदीत घर पुल्लिंगी आहे. इंग्रजीत मात्र विशेषणाला लिंगही नाही आणि वचनही नाही. 'बिग' म्हणजे बिगच. घोडा असो, घोडी असो, की शंभर घोडे असोत.

यावर ती म्हणाली, “मग आम्ही ते पाठ कसे करावयाचे?” पाठ करण्याचे कारणच नाही. मराठीतही काही विशेषणे अशीच न बदलणारी आहेत. व्याकरणकार त्यांना अविकारी म्हणतात. लाल साडी, लाल झगा, लाल फूल, लाल फुले. गरीब माणूस, गरीब बाई, गरीब माणसे. इंग्रजीतील विशेषणे सारी या 'लाल'च्या घराण्यातली आहेत असे समजावे. एवढे मनात ठसले की अर्धे काम झाले. 'धिस' आणि 'दॅट' यांची अनेकवचने तेवढी वेगळी होतात, 'दीज' आणि 'दोज'. तो एक अपवाद सोडून द्यावा.

याची उलट बाजू पाहिली की आपली तक्रार थोडी कमी होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे राहणारे. ते १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच वारले. ज्यांची मातृभाषा एकच 'बिग' जाणते, त्यांना मोठा-मोठी-मोठे शिकावे लागले, तेही शिकवणारे छापील पुस्तक हाताशी नसताना! त्यांनी ते इतके आत्मसात केले की त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले, आणि कोकणी भाषेचे त्यांनी रचलेले व्याकरण त्यांच्या मागे १६४० साली राशोल येथे छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानतात. त्यांची वाट चढणीची होती, आपली उतरणीची आहे.

आता वचनाचा एक फसवा प्रकार. 'बिग्ज हाउसेस' असे कोणी लिहीत नाही. पण 'फाइव्ह-इयर्स-ओल्ड बॉय' आणि 'टेन-रुपीज नोट' हे शिकलेली माणसेही बिनदिक्कत लिहितात. आपण 'पाच वर्षांचा मुलगा', 'दहा रुपयांची नोट' म्हणतो. वर्षे अनेक, रुपये अनेक, म्हणून मन 'इयर्स' आणि 'रुपीज' यांकडे धावते. परंतु नामाच्या आधी बसून ते शब्द विशेषणाचे काम करू लागले की अनेकवचनाचा 'स' त्यांनी खाली ठेवावा: 'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय', 'टेन-रुपी नोट'. 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड' येथे मात्र 'इयर्स' बरोबर आहे, कारण तेथे ते नाम म्हणूनच उभे आहे. भाचीच्या अर्जात 'थ्री-इयर्स कोर्स' होता. 'थ्री-इयर कोर्स' असा केला.

मग आला तो 'इंटरेस्टिंग'. खरे सांगावयाचे तर या चुकीला मराठी माणसाजवळ सबब नाही, कारण हा भेद आपली भाषा उत्तम जाणते. कंटाळवाणे प्रवचन आणि कंटाळलेला श्रोता यांत आपण कधी गफलत करतो काय? जे कंटाळा आणते ते 'बोअरिंग'. ज्याला कंटाळा आला तो 'बोअर्ड'. जे थकविते ते काम 'टायरिंग', थकलेली बाई 'टायर्ड'. तद्वत ज्यात गोडी आहे ते 'इंटरेस्टिंग' आणि ज्याला गोडी लागली तो 'इंटरेस्टेड'. माझी भाची 'मला या कामाची आवड आहे' असे सांगू पाहत होती आणि 'या कामात मी मोठी मजेदार आहे' असे सांगून बसली. तिला हे कळले तेव्हा ती स्वतःच खळखळून हसली. तिचे ते हसणे ऐकून माझ्या बहिणीने खालून जिन्यातून डोकावून पाहिले.

दुसऱ्या रात्री मी तिला तिच्या धंद्यातलेच विचारले. रुग्णाने पाणी किती घेतले हे कागदावर लिहावयाचे आहे. 'ही टुक लिटल वॉटर' आणि 'ही टुक अ लिटल वॉटर' यांत फरक काय? ती म्हणाली, “काही नाही, थोडे पाणी प्याला.” वाचकहो, येथे थांबले पाहिजे. नुसते 'लिटल' म्हणजे जवळजवळ नाहीच. 'अ लिटल' म्हणजे थोडे का होईना, प्याला. पहिल्यात काळजी आहे, दुसऱ्यात समाधान. रात्रपाळीच्या परिचारिकेने तो 'अ' गाळला तर सकाळी येणारे डॉक्टर एक समजतील आणि घातला तर दुसरे समजतील. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचाही असाच न्याय. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर' असे परगावाहून घरी लिहिले तर आईचा जीव तुटेल, कारण त्याचा अर्थ मला येथे कोणी नाही. 'अ फ्यू' लिहिले तर ती निश्चिंत होईल. आपण हा भेद 'थोडेच' आणि 'थोडे तरी' यांनी करतो. मुलांना या दोन शब्दांवरून समजवावे, लवकर कळते.

त्याच कागदावरची आणखी एक गंमत. रुग्णाला श्वास घेणे अवघड जात आहे हे सांगताना 'द पेशंट इज व्हेरी डिफिकल्ट' असे लिहिले, तर वाचणारा समजेल की हा गृहस्थ फार हट्टी आहे. जे अवघड आहे त्याच्याच मागे विशेषण लावावे: 'हिज ब्रीदिंग इज डिफिकल्ट'. आणि रुग्णाला अशक्त वाटते ते 'ही फील्स वीक'. तेथे 'वीकली' नको. 'फील', 'लुक', 'स्मेल', 'टेस्ट' यांच्यानंतर कर्त्याची स्थिती सांगावयाची असते, म्हणून विशेषणच येते. फूल 'स्वीट' वास देते, 'स्वीटली' नव्हे. शिवाय 'वीकली' कानाला ऐकू येते ते साप्ताहिकासारखे. ते आमच्यासाठी राखून ठेवावे!

तुलनेच्या बाबतीत आपली भाषा सोपी, इंग्रजी खटपटी. 'पेक्षा' लावले की आपले काम झाले. विशेषण जसेच्या तसे. इंग्रजीत शब्दच बदलतो, 'गुड'चा 'बेटर' होतो, आणि आपण 'जास्त चांगले' या सवयीने त्यावर आणखी एक 'मोअर' चढवितो. 'मोअर बेटर' ही दुहेरी तुलना शेक्सपियरच्या काळी चालत असे. आज ती चूक गणली जाते. 'पेक्षा' म्हणजे 'दॅन' हेही सर्वत्र खरे नाही. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आलेले. लॅटिनमध्ये ते मुळातच तुलनेचे रूप आहे, आणि त्यांच्यापुढे 'टु' येतो: 'शी इज सीनियर टु मी'. आपल्या वाचकांना लॅटिनचा हा नमुना अनोळखी नाही. मठातल्या 'मदर सुपीरियर' यांच्या नावात तो रोज ऐकू येतो. 'एल्डर' आणि 'ओल्डर' यांचा गोंधळ वाटत असेल तर 'थोरला' आठवावा. 'एल्डर' हा घरच्या नात्यापुरता, नामाच्या आधी, 'माय एल्डर ब्रदर'. वय तोलावयाचे झाले तर 'ही इज ओल्डर दॅन मी'.

एका गोष्टीवर मात्र आमचे मतभेद झाले. माझे मेहुणे 'कझिन ब्रदर' आणि 'कझिन सिस्टर' यांचे कैवारी. इंग्लंडात नुसते 'कझिन' म्हणतात असे मी सांगितले. ते म्हणाले, “आमच्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ एवढे सगळे, त्यांना एका 'कझिन'मध्ये कोंबायचे, आणि वर भाऊ की बहीण तेही सांगायचे नाही?” बोलताना चालेल, परीक्षेत आणि अर्जात नको, एवढ्यावर तडजोड झाली. 'हॉट हॉट टी' आणि 'स्मॉल स्मॉल थिंग्ज' यांबद्दल मात्र मी हट्ट सोडला नाही. गरम गरम चहातला दुसरा 'गरम' इंग्रजीत जात नाही. फार तर 'पायपिंग हॉट' म्हणावे. मेहुणे तेवढ्यावर थांबले नाहीत. अटलबिहारी वाजपेयी १९२४ साली याच वस्तीत जन्मले, हिंदी आणि संस्कृतच्या जोडीला इंग्रजीही शिकून पदवीधर झाले, आणि तरीही १९७७ साली संयुक्त राष्ट्रसंघात हिंदीत बोलले, हे त्यांनी मला दोनदा ऐकविले. मी म्हटले, इंग्रजी येत असून न बोलणे वेगळे, आणि हसतील म्हणून न बोलणे वेगळे. यावर ते गप्प झाले. भाचीने मात्र मान वर केली.

चौथ्या दिवशी अर्ज पुरा झाला. 'आय ॲम इंटरेस्टेड' हे शब्द तिने स्वतः लिहिले आणि दोनदा वाचून पाहिले. अनुभवाच्या रकान्यात 'आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स' असे होते. तेथे मी काही बोलण्याआधीच तिने लेखणी उचलून 'अ' घातला. वर कोपऱ्यात पत्ता लिहिताना तिने विचारले, “मामा, हे इंग्रजीत 'शिंदेज कँप' करू का?” मी नको म्हटले. टपालवाल्याला ते कळले नसते.