विश्लेषण : मिलानने सोडलेला पिर्लो युव्हेंटसला कसा फळला?

मे २०११ मध्ये एसी मिलान इटलीचा विजेता झाला आणि त्याच महिन्यात आंद्रेआ पिर्लो दहा वर्षांनी क्लब सोडणार हे स्पष्ट झाले. वय ३२, मोसमभर दुखापती. मिलान तिशी ओलांडलेल्यांना एकाच वर्षाचा करार देत असे. युव्हेंटसने मिलानला छदामही न देता त्याला घेतले.

मिलानचा हिशेब चुकला तो पायांचे वय मोजण्यात. पिर्लो कधी पळण्याच्या जोरावर खेळलाच नव्हता. सुरुवातीला तो आघाडीवीरांच्या मागे खेळे, पण इंटर मिलानमध्ये त्याचा जम बसला नाही. २००१ मध्ये ब्रेशियात ती जागा रॉबेर्तो बाजोची होती, म्हणून प्रशिक्षक कार्लो माझ्झोने यांनी त्याला थेट बचावफळीच्या पुढ्यात आणले. तिथे चेंडूही मिळे आणि विचार करायला वेळही. मिलानमध्ये कार्लो अँचेलोत्तींनी तेच केले. धावपळीला शेजारी गत्तुसो होताच. त्यातून २००३ आणि २००७ चे चॅम्पियन्स लीग आले. २००६ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध ११९व्या मिनिटाला त्याने ग्रोसोला दिलेला पास आजही पाहण्यासारखा आहे. बचावपटू अंगावर येईपर्यंत तो थांबला होता!

युव्हेंटस आधीचे सलग दोन मोसम सातव्या स्थानी होता. पिर्लो आल्यावर पहिलाच मोसम अपराजित, आणि सलग चार विजेतेपदे. श्रेय प्रशिक्षक कोंते आणि विदाल, मार्किसिओ यांच्या पळण्यालाही. मिलानने २०१२ मध्ये इब्राहिमोविच आणि थियागो सिल्व्हाही विकले. त्यांचे पुढचे लीग विजेतेपद यायला २०२२ उजाडले. तोवर पिर्लोला निवृत्त होऊन पाच वर्षे होत आली होती.