विज्ञानाला जात नसते, मग आरक्षणातून सूट कशाला?

केंद्रीय शैक्षणिक संस्थांतल्या शिक्षक आरक्षणाचा २०१९चा कायदा उघडा आणि शेवटची अनुसूची वाचा. आरक्षणातून वगळलेल्या संस्थांची ती यादी आहे. तिच्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे. विज्ञानाला जात नसेल, तर आरक्षणाची एवढी धास्ती का?

हा प्रश्न विचारणं हे विज्ञान आणि वैद्यकाच्या सांस्कृतिक अभ्यासाचं काम आहे. पण या विषयात करिअर होतं कुणाचं? पीएच.डी.च्या मुलाखतीत मी इस्पितळांतल्या शवागारांवर काम करायचंय म्हणाले, तेव्हा समितीने विचारलं, "तुम्ही दलित साहित्य का घेत नाही?" म्हणजे विज्ञानाची चिकित्सा त्यांनी करायची, आम्ही फक्त आमचं दुःख सांगायचं.

खरं तर ही चिकित्सा आपल्याला नवी नाही. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकं मोजून जातींची उतरंड लावत होता. नाक जितकं रुंद, तितकी जात खालची, हे त्या काळचं 'विज्ञान'. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये असेच मापनाचे आकडे घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत, हे त्यातूनच दाखवलं. फुटपट्टी त्यांची, हिशेब आपला.

वैद्यकाचा इतिहास कसा लिहिला गेला तेही बघा. १८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजात वैद्य जातीच्या मधुसूदन गुप्तांनी प्रेताचं विच्छेदन केलं. विटाळ झुगारला म्हणून त्यांचं नाव राहिलं. डोम समाजाची माणसं पिढ्यान्पिढ्या प्रेतं हाताळत होती. त्यांचं कौशल्य ज्ञान ठरलं नाही, जातीचा धंदा ठरला. आजही शवविच्छेदनगृहात प्रेत उघडणारा हात बहुतेकदा कुणाचा असतो आणि अहवालावर सही कुणाची, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिल्या पिढीच्या पदवीधरांना माझं सांगणं आहे : या विषयात या. कुणाच्या तरी प्रबंधातले माहितीदार म्हणून नको. संशोधक म्हणून, मार्गदर्शक म्हणून, उद्या निवड समितीत बसणारे म्हणून या. इंग्रजी अडेल, सिद्धांतांची नावं अंगावर येतील. ती शिकता येतात. शवागार आतून ओळखणं ग्रंथालयात बसून शिकता येत नाही.

शवागारातल्या कामगाराच्या मुलाखती घेऊन लोक प्राध्यापक होतात. त्या कामगाराची मुलगी जोवर त्याच विभागात प्राध्यापक होत नाही, तोवर त्या अभ्यासाला मी पुरोगामी म्हणणार नाही.