कातड्याला अत्तर लागले की विटाळ फिटतो काय?

आमच्या कार्यालयातील एका भगिनीने मागच्या पावसाळ्यानंतर एक वापरलेली हँडबॅग विकत घेतली. अंग गुळगुळीत तपकिरी कातड्याचे, झाकण आणि बाजू स्वेडच्या. नवी घ्यायची म्हटली असती तर महिन्याचा पगार त्यात गेला असता. शिवण शाबूत होती; पण झाकणावर तेलाचा डाग, आत कुबट वास, पट्ट्याची कड फुटलेली आणि कोपऱ्यांचा रंग उडालेला. ती बॅग घेऊन ही भगिनी उपनगरातल्या एका 'लेदर स्पा'मध्ये गेली. काचेचे दार, आत गारवा, सुगंधी मेणबत्ती. तिथल्या तरुणाने पांढरे हातमोजे घालून बॅग उलटीपालटी केली आणि चार हजार दोनशे रुपये सांगितले. मुदत तीन आठवडे.

भगिनी तिथून निघाली ती थेट स्टेशनच्या जिन्याखाली बसणाऱ्या गटई कामगाराकडे आली. काकांनी बॅग नाकाशी नेली, झाकणावरून अंगठा फिरवला, कड उलटून पाहिली आणि म्हणाले, "ताई, हे झाकण पाण्यानं पुसू नका. पुसलं तर कायमचं गेलं म्हणून समजा." दोनशे रुपये ठरले. दोन दिवसांनी डाग जवळजवळ गेला होता, वास गेला होता, पट्टा असा शिवला होता की जुना टाका कोणता आणि नवा कोणता हे शोधावे लागत होते. कोपरे मात्र अंगापेक्षा जरा लालसर दिसत होते. काकांनी आपणहून सांगितले, "रंग माझ्याकडं नाही ताई. बुटाचं पॉलिश आहे, ते याला लावलं तर तुमच्या ड्रेसला लागंल. जे होतं त्यात भागवलं."

काकांच्या या बोलण्यावरच आजचा अग्रलेख आहे. वाचक म्हणतील, आंबेडकरी दैनिकाला बायकांच्या हँडबॅगा कधीपासून सुचू लागल्या? सांगतो.

कातडे या देशात कधीच नुसते कातडे नव्हते. गावात जनावर मेले की ते ओढून नेणार महार, कातडे कमावणार ढोर, त्याचे जोडे आणि मोटा शिवणार चांभार. एकाच कातड्याच्या वाटेवर या जाती एकमेकींच्या वर-खाली बसवल्या गेल्या आणि एकीने दुसरीचा विटाळ मानला. जो जोडा पाटलाच्या पायात गेला तो पवित्र झाला आणि ज्याने शिवला तो वेशीबाहेर राहिला. बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि जे काम माणसाच्या निवडीने नव्हे तर जन्माने त्याच्या गळ्यात मारले जाते त्यात त्याचे मन कधी रमत नाही.

आमच्या आजोबा-पणजोबांनी ढोरे ओढणे सोडले, तेव्हा काय गहजब झाला होता! अस्पृश्य स्वतःचेच नुकसान करून घेत आहेत, कातडे, शिंगे, हाडे यांचे इतके उत्पन्न हातचे घालवत आहेत, असा हिशेब 'केसरी'तून मांडला गेला. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली आणि आपले उत्तरही सांगितले. एवढा फायदा आहे ना? मग तुम्हीच ओढा, वर पाचशे रुपये मी माझ्या खिशातून देतो. त्या वेळी कोणी पुढे आले नाही.

आता आले आहेत. गंमत पाहा. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर इथे जुन्या चामडी बॅगा आणि बूट उजळून देणारी दुकाने निघाली आहेत. शिकलीसवरलेली, वरच्या घरांतली मुले त्यात भांडवल घालत आहेत. आम्हाला त्यांचा राग नाही. कातडे हाताळायला त्यांना लाज वाटत नाही, ही चांगलीच गोष्ट. आमचा प्रश्न वेगळा आहे. लाज केव्हा गेली? कातड्याला अत्तर लागल्यावर, कामाला इंग्रजी नाव मिळाल्यावर आणि गल्ला काचेच्या दाराआड गेल्यावर. शिवाय अशा दुकानांच्या मागच्या खोलीत आम्ही डोकावलो तेव्हा टेबलावर बसून प्रत्यक्ष आरी चालवणारे हात आमच्या ओळखीच्या वस्त्यांतलेच निघाले. पुढे हातमोजे, मागे रापी. आणि 11 जुलै 2016 ला गुजरातेत उना इथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या आमच्या तरुणांना मोटारीला बांधून फोडून काढले, ते कातडेच होते ना? ते सोलणारा मार खातो आणि त्याला शेवटचा हात फिरवणारा 'एक्स्पर्ट' ठरतो.

वापरलेल्या वस्तूंची कथाही अशीच आहे. वापरलेल्या बॅगेला आता 'प्री-लव्ह्ड' म्हणतात, म्हणजे कोणीतरी आधी माया केलेली. शब्द गोड आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावीत असे फर्मावले आहे. ज्या ग्रंथाची होळी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला झाली तो हाच. दुसऱ्याचे उतरलेले अंगावर घालणे ही आमच्यावर लादलेली सक्ती होती. म्हणूनच नामांतराच्या पिढीतल्या आमच्या आया हाती पैसा आला की आधी कोरे कपडे घेत. आज त्यांच्या लेकी-नाती वापरलेली चांगली बॅग पारखून, घासाघीस करून, आपल्या मर्जीने घेतात. यात आम्हाला काही गैर दिसत नाही. लादलेले उतरण आणि निवडलेली जुनी वस्तू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता त्या काकांच्या हातात नेमके काय होते ते पाहू, कारण गटई म्हणजे टाच ठोकणे एवढेच अनेकांना वाटते. कातडे ओळखणे ही पहिली विद्या. गुळगुळीत बॅगेच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वर रंगाचा थर आहे, ओल्या फडक्याने पुसायला हरकत नाही. थेंब मुरला आणि डाग काळवंडला तर ते उघडे कातडे, त्याला जपून हात लावायचा. स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू घासून आणलेली लव. पाण्याने ती चिकटते आणि डाग धरते. म्हणून काकांनी आधी कोरडा ब्रश एकाच दिशेने चालवला, तेलाच्या डागावर मुलतानी माती दाबून रात्रभर ठेवली, सकाळी झटकली, पुन्हा ठेवली. राहिलेला डाग रबराने हलकेच खोडला. दबलेली लव उठवायला किटलीच्या वाफेवर झाकण क्षणभर लांबून धरले आणि ब्रश फिरवला. ही किटली शेजारच्या चहावाल्याची.

गुळगुळीत अंगाला कपड्याचा साबण किंवा सोडा लावू नये, हेही त्यांनी भगिनीला बजावले. कारण त्यांनी सांगितले नाही, ते आम्ही सांगतो. कमावलेले कातडे किंचित आम्लधर्मी असते. सोड्याचा क्षार त्यातले तेल ओढून घेतो आणि कातडे कडक होऊन तडकते. सौम्य साबणाचा नुसता फेस, घट्ट पिळलेले फडके, सावलीत वाळवणे आणि मग कातड्याच्या क्रीमचा अगदी पातळ हात, एवढे पुरते. बुरशी आली असेल तर घराबाहेर नेऊन कोरडी झाडावी, स्पिरिट आणि पाणी समभाग घेऊन फडक्याने पुसावे. तेही फक्त गुळगुळीत कातड्याला, आणि आधी आतल्या बाजूला रंग सुटतो का ते पाहून. उन्हात टाकू नये. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, मुंबईच्या हवेत तिथेच बुरशी धरते. आत कोरा कागद भरावा. वर्तमानपत्र भरू नये, शाई लागते. आमचे दैनिकही त्याला अपवाद नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. बाजारात चामड्याच्या नावाने खपणाऱ्या बऱ्याच बॅगा रेग्झिनच्या असतात. कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर दमट हवेत विरतो आणि सालपटे निघू लागतात. त्याला काही इलाज नाही. काचेच्या दारात घेतले तरी नाही आणि जिन्याखाली घेतले तरी नाही. कड पाहा, कातड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेग्झिनच्या कडेला कापड दिसते.

हे ज्ञान त्या काकांना कोणत्या संस्थेने दिले नाही, ते बापाच्या मांडीशी बसून आले. त्यांच्याकडे नव्हते ते भांडवल. उडालेला रंग परत आणायला पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, बारीक घासून, पाण्यात कालवलेला चामड्याचा खास रंग स्पंजने पातळ थरांत चढवावा लागतो आणि वर पक्का करणारा हात द्यावा लागतो. मूळ रंगाशी जुळवायला दहा-बारा बाटल्या लागतात. कडांचा रंग वेगळा. हे सामान मुंबईत मिळते, पण ज्याची दिवसाची कमाई चप्पल शिवून होते तो ते एकदम घेणार कसा? चार हजार आणि दोनशे यांतले अंतर कसबाचे नाही. ते बाटल्यांचे, जागेचे आणि आडनावाचे आहे.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा महाराष्ट्रात केवढा संताप उसळला. पुढे त्या कंपनीने मूळ आपल्याकडचे असल्याचे मान्य केले. तो संताप रास्तच होता. पण कोल्हापुरीचा अभिमान सांगणाऱ्यांपैकी कितीजण स्टेशनच्या जिन्याखाली चप्पल शिवून घेताना दहाच्या जागी वीस रुपये देतात?

आमच्याच चळवळीतला एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. 'बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ते तुम्ही पुन्हा धरायला सांगता काय?' नाही. काकांचा मुलगा बारावीला आहे, त्याला संगणक शिकायचा आहे, त्याने तोच शिकावा. चांभाराच्या पोराने चांभारकीच करावी असे म्हणणारा ग्रामोद्योगी उपदेश आम्हाला मान्य नाही. पण जो आज पन्नाशीत आहे, ज्याच्या हातात तीस वर्षांचे कसब आहे आणि ज्याच्या दारात अचानक पैसेवाले गिऱ्हाईक आले आहे, त्याला 'हे काम हीन आहे, सोड' म्हणून सांगणे म्हणजे मनूचाच निवाडा आपल्या तोंडून सुनावणे. हीन काम नव्हते. ते जन्माने लादणे, त्याचा मोबदला न देणे आणि ते करणाऱ्याला शिवून न घेणे हे हीन होते. आणि ज्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या चामड्याला हात लावला नाही तिच्या मुलाला हे शिकायचे असेल तर त्यानेही काकांच्या समोर बसून शिकावे, शिकवणीचे पैसे देऊन.

राज्यात 1974 पासून संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची शासनाची योजना आहे. पावसा-उन्हातून माणूस आडोशाला आला, हे चांगलेच झाले. पण पत्र्याचा स्टॉल म्हणजे बसल्या जागी तीच चप्पल शिवण्याची सोय. आमची मागणी पुढची आहे. चामडी बॅगा, जाकिटे आणि स्वेड उजळण्याचे अल्प मुदतीचे शिक्षण, रंग-ब्रश-क्रीमचा संच, आणि चार-पाच जणांनी मिळून गाळा घेतला तर बिनव्याजी भांडवल. शिकवणाऱ्यांत जुने कारागीर मानधनावर असावेत. शिवाय हवा खेळती ठेवणारा पंखा आणि हातमोजे संचात असलेच पाहिजेत. चिकटवण्याच्या द्रावणातल्या वाफा रोज छातीत गेल्या की काय होते हे या धंद्याने भोगले आहे. पादत्राणांच्या कामगारांमध्ये बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग झाल्याचे वैद्यकशास्त्राने नोंदवून ठेवले आहे. हातमोजे काचेच्या दारातल्या तरुणाने दिखाव्याला घालायचे आणि द्रावणात बोटे बुडवणाऱ्याने उघड्या हातांनी काम करायचे, हे चालणार नाही.

परवा आम्ही काकांकडे गेलो आणि त्यांना काय काय लागेल ते विचारले. त्यांनी हातातली चप्पल बाजूला ठेवून सांगितले, आम्ही लिहून घेतले. तपकिरीच्या चार छटा, काळा, पांढरा, लाल, मोरपंखी. कडांचा रंग. पितळी तारांचा ब्रश आणि नायलॉनचा ब्रश. क्रीम. जाड दोऱ्यासाठी मेण. चेनचे रनर, तीन मापांचे. एक टेबल पंखा. "आणि दरपत्रक," ते म्हणाले, "छापलेलं. तोंडी सांगितलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं." अर्ज आम्ही त्यांच्या नावाने लिहून दिला आहे. दरपत्रक आमच्या छापखान्यात होईल. त्यात स्वेडचा डाग काढण्याचे किती लावायचे यावर त्यांचे आणि आमचे अजून एकमत झालेले नाही. त्यांनी ऐंशी म्हटले, आम्ही पाचशे लिहिले आहेत.