धावलेली गाडी आणि मागे नेलेला आकडा

जुनी मोटार घ्यायची तर ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा, ही मध्यमवर्गीयांची जुनी रीत. तो बॉनेट उघडी, इंजिनाचा आवाज ऐके, गाडी थोडी चालवून पाही आणि मगच मान डोलवी. आज हा व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर होऊ लागला आहे. विक्रेता एका शहरात, ग्राहक दुसऱ्या शहरात; आणि ग्राहकापुढे असतात ती दहा-बारा देखणी छायाचित्रे, एक किंमत व ‘अवघे ३८,००० किलोमीटर’ हे आश्वासन. बँकेचे कर्ज काढून पहिली गाडी घेणारा शिक्षक किंवा कारकून या आकड्यावर विसंबतो, कारण जुन्या गाडीची किंमत बव्हंशी त्यावरच ठरते. दुर्दैवाने, साऱ्या व्यवहारात सर्वांत सहज खोटा करता येणारा आकडाही हाच.

यांत्रिक मीटर होते तेव्हा आकड्यांची चाके मागे फिरवण्यासाठी मीटर उघडावे लागे आणि पुष्कळदा आकडे ओळीत न बसल्याने लबाडी उघडी पडे. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये आकडा स्मृतिकोशात साठवलेला असतो. एखादे लहानसे यंत्र जोडून तो काही मिनिटांत बदलता येतो आणि वर ओरखडाही उमटत नाही. विज्ञानाने गाडी सुधारली, तशी लबाडीही सुधारली!

ही हानी केवळ पैशांची नाही. इंजिनाचे तेल, ब्रेकचे भाग, टायमिंग बेल्ट हे सारे किलोमीटरच्या हिशेबाने बदलायचे असते. मूळ आकडाच खोटा असला की देखभालीचे वेळापत्रक खोटे ठरते. बेल्ट वेळेवर न बदलल्याने तुटला, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होते. स्वस्तात मिळालेली गाडी मग कर्जाच्या हप्त्यांवर दुरुस्तीचा बोजा चढवते.

ग्राहकाच्या हाती काहीच नाही असे मात्र नाही. पहिली कसोटी साध्या गणिताची. मुंबई-पुणे अंतर सुमारे १५० किलोमीटर. आठवड्याला एक फेरी जाऊन-येऊन केली, तरी वर्षाकाठी १५,००० किलोमीटर होतात. मग आठ वर्षांच्या गाडीच्या मीटरवर ३८,००० दिसले, तर ती इतकी कमी का धावली याचे पटणारे उत्तर विक्रेत्याने दिलेच पाहिजे. दुसरी कसोटी गाडीच्या अंगावरची. टायरच्या कडेवरील चार अंकांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. वीस हजार किलोमीटर धावल्याचे सांगणाऱ्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील, तर शंकेला जागा आहे. क्लच व ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, चालकाच्या आसनाची दबलेली कड हेही न बोलता साक्ष देतात.

तिसरी कसोटी कागदांची. अधिकृत वर्कशॉपच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. ती बिले तारखेच्या क्रमाने लावली की आकडा मागे गेला काय, हे लहान मुलालाही कळेल. फास्टॅगचा हिशेब मागितल्यास गाडी महामार्गावर किती वेळा गेली हे दिसते. ही कागदपत्रे दाखवण्यास जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याला छायाचित्रे कितीही सुंदर असली तरी आगाऊ रक्कम देऊ नये.

तथापि सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणे न्यायाचे नाही. अमेरिकेने १९७२ साली मीटर मागे फिरवण्याविरुद्ध संघीय कायदा केला. तरीही तेथे दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक वाहने खोट्या आकड्यांसह विकली जातात, असा तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाचाच अंदाज आहे. केवळ दंडाच्या धाकाने काम भागत नाही, हा त्याचा अर्थ. बेल्जियमने वेगळा मार्ग धरला. २००४ च्या कायद्यानुसार तेथे २००६ पासून प्रत्येक गॅरेजला हाताखालून गेलेल्या गाडीचे किलोमीटर एका मध्यवर्ती नोंदणीत कळवावे लागतात आणि जुनी गाडी विकताना या नोंदींचे प्रमाणपत्र ग्राहकाला द्यावे लागते. ते दिले नाही, तर ग्राहकाला व्यवहार रद्द करून मागता येतो.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात नियम करून १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना अधिकारपत्र घेणे व ताब्यातील वाहनांच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. हे पाऊल स्वागतार्ह खरे. पण ही वही गाडी विक्रेत्याच्या ताब्यात आल्यानंतरची. त्याआधीची वर्षे तिच्यात नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन व चॅसी क्रमांक असतात, गाडीचा रंगही असतो. धावलेले किलोमीटर नसतात.

वस्तुतः प्रदूषण तपासणी, विम्याचे नूतनीकरण, वर्कशॉपमधील दुरुस्ती अशा प्रसंगी मीटर कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांसमोर येतच असते. त्या वेळचा आकडा वाहन नोंदणीच्या राष्ट्रीय संगणकीय दप्तरात तारखेसह चढवावा आणि गाडी विकत घेणाऱ्याला तो पाहता यावा, एवढीच व्यवस्था हवी आहे. जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी सातबारा पाहण्याची सवय या राज्यात खेडोपाडी रुजली आहे. मोटारीलाही तसाच एक उतारा मिळाला, तर आकडा मागे नेणाऱ्याला तो अनेक ठिकाणी मागे न्यावा लागेल. आणि ते काम काही मिनिटांत होणारे नाही.