छपराचा पंचनामा

गारपीट झाली की सारे शेताकडे धावतात. पुढारी, अधिकारी, फोटो काढणारे, सगळे बांधावर. गहू लोळला, हरभरा झडला, ज्वारीची कणसे मोडली, ते डोळ्यांना दिसते आणि कागदावर येते. ते आलेच पाहिजे. पण त्याच गारांनी गावात काय केले हे पाहायला दुसऱ्या दिवशी फारसे कोणी येत नाही. फुटलेली कवेलू, चाळणी झालेले पत्रे, खाली भिजलेला कापूस आणि कणगीत गेलेले पाणी यांना बातमीत जागा नाही आणि सरकारी हिशोबात तर फारच थोडी आहे. या अंकात आम्हाला त्याबद्दल बोलायचे आहे.

विदर्भ-मराठवाड्यात गारा पडतात त्या बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पडल्या तशा, २०१८ च्या फेब्रुवारीत पडल्या तशा. या दिवसांत कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात काय असते ते आपल्याला सांगायला नको. शेवटच्या वेचणीचा कापूस असतो. भाव वाढेल म्हणून थांबवलेला पहिल्या वेचणीचाही असतो. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि माणसे अंगणात, असे चित्र कपाशीच्या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात दिसेल. सोबत खरिपाची ज्वारी, तूर, पेरणीसाठी राखलेले बियाणे. म्हणजे शहरातल्या माणसाचे छप्पर त्याच्या डोक्यावर असते, आपले छप्पर आपल्या वर्षाच्या कमाईवर असते. व्यापाऱ्याचे ते गोदाम, आपले ते घर. त्याच्या गोदामाचा विमा उतरतो, आपल्या घराला सरकार ‘अंशतः पडझड’ असा शेरा देते.

कापूस भिजला की काय होते? हमीभाव आहे तो ८ टक्के ओलाव्याच्या कापसाला. ८ ते १२ टक्क्यांपर्यंत सीसीआय भाव कापून घेते. १२ च्या वर गेला की घेतच नाही. वाळवून ओलावा उतरवता येतो, पण रंग गेलेला, पिवळा पडलेला, मातीचे पाणी प्यायलेला कापूस वाळला तरी तो खेडा खरेदीवाल्याच्या दयेवरच जातो. हे नुकसान कोणत्या पंचनाम्यात येते? पिकाच्या पंचनाम्यात येत नाही, कारण पीक शेतातून निघालेले आहे. पंतप्रधान पीक विम्याच्या मूळ नियमांत काढणीनंतरच्या नुकसानीची तरतूद होती, पण तीही कापून शेतात पसरलेल्या मालाला, १४ दिवसांपुरती. घरात आणलेल्या मालाचा तिथे संबंध नाही. आणि घराच्या पंचनाम्यात येत नाही, कारण तिथे भिंती आणि छप्पर पाहतात, खाली काय होते ते पाहत नाहीत. दोन दारांच्या मध्ये आपला कापूस भिजत राहतो.

आता घराचा हिशोब पाहू. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्राने आपत्ती निवारणाचे जे निकष ठरवले त्यांत घर पूर्ण पडले तर सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये होते. अंशतः नुकसान, म्हणजे किमान १५ टक्के, झाले तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,०००. घराला लागून असलेल्या कोठ्याला ३,०००. त्याआधीच्या निकषांत पक्क्याला ५,२०० आणि कच्च्याला ३,२०० होते. मातीच्या भिंती आणि वर टिन असे आपले घर असले की ते कच्चे.

वीस फूट लांबीचे, दोन पाख्यांचे साधे घर घ्या. दहा फुटी पत्रा एकमेकांवर चढवून बसवला की अडीच फूट रुंदी झाकतो. म्हणजे एका पाख्याला आठ पत्रे, दोन्हींना सोळा. वाऱ्याच्या अंगाचे पाखे गारांनी फोडले, दुसरे वाचले असे धरा. पत्रा सातशे रुपयांत मिळाला असेही धरा. आठ पत्र्यांचे ५,६०० झाले. आकडे, वायसर, मोडलेला एखादा वासा, सुताराची दोन दिवसांची मजुरी आणि तालुक्याहून पत्रे आणण्याचे भाडे वेगळे. ४,००० रुपयांत पाच पत्रे येतात. उरलेल्या तीन पत्र्यांच्या जागी सरकारने आभाळ दिले आहे. दोन्ही पाखी गेली तर नुसत्या पत्र्यांचे ११,२०० होतात. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये होता. म्हणजे छप्पर परत चढवायला जवळजवळ दीड क्विंटल कापूस, तोही हमीभावाने विकला गेला तर.

आणि ते १५ टक्के कशाचे? गार भिंतीला हात लावत नाही, जोत्याला लावत नाही, दाराला लावत नाही. ती फक्त वरून मारते. भिंती उभ्या पाहून ‘घर शाबूत आहे’ म्हणणारा माणूस कायद्याने चूक ठरत नाही, कारण टक्के मोजायचे कसे हे जागेवर उभा असलेला माणूसच ठरवतो. पुराने आणि वादळाने होणाऱ्या नुकसानीसाठी बनवलेले माप गारपिटीला लावले की हे असे होणारच. छप्पर निम्मे गेलेल्या घरात पावसाळा काढता येत नाही, मग ते घर १५ टक्के पडले की ५० टक्के, हा वाद कचेरीत बसून करण्याचा नाही. गारपिटीत छपराचे क्षेत्र मोजा, फुटलेले किती ते मोजा आणि तेवढ्याचे बाजारभावाने द्या, एवढी सरळ गोष्ट आहे.

निकष बदलत नाहीत असे कोणी सांगितले तर ऐकू नका. पिकाच्या नुकसानीला पूर्वी ५० टक्क्यांची अट होती. २०१५ च्या वसंतातल्या गारपिटीनंतर आणि अवकाळीनंतर देशभर ओरड झाली आणि ती अट ३३ टक्क्यांवर आली. घराबद्दल तशी ओरड आपण केलेली नाही. आपल्यालाही सवय अशी की शेताचे गाऱ्हाणे चारचौघांत मांडायचे आणि घराचे घरात ठेवायचे. छप्पर गळते हे सांगायला लाज वाटते. त्यात लाज कसली?

आता थोडे छपराबद्दलच. एकेकाळी विदर्भात कवेलू होती, मराठवाड्यात माळवद होते. कवेलू गारांनी फुटतात, पण फुटलेले तेवढे काढून दुसरे ठेवता येत होते, आणि गावातला कुंभार ते करून देत होता. दर उन्हाळ्यात कवेलू फेरणे हे घरचे काम होते. माळवदाला गारेचे काहीच वाटत नाही, फक्त वर साचलेल्या गारा वितळल्या की पाणी मुरते, त्यासाठी पांढरी माती टाकावी लागते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद यांनी हजारो माणसे गाडली, तेव्हापासून लातूर-धाराशिवच्या भागात माळवदाखाली झोपायला माणूस धजत नाही. ते बरोबरच आहे. हलका पत्रा आला. वानरांमुळेही पुष्कळांनी कवेलू उतरवून टिन घातले, हेही विदर्भातल्या वाचकांना ठाऊक आहे. मात्र स्वस्तात स्वस्त पातळ पत्रा घेतला तर मोठी गार तो पार करते आणि वादळ तो उचलून नेते.

पत्रा घ्यायला गेलात तर दुकानदाराला गेज विचारून थांबू नका. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, हे उलटे गणित पुष्कळांना फसवते. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा, चौरस मीटरला जस्त किती ग्रॅम ते विचारा, पत्र्यावर आयएस २७७ चा शिक्का आहे का पाहा, आणि हे सगळे बिलावर लिहून घ्या. पक्के बिल पुढे मदतीच्या अर्जालाही लागते. बसवताना आकडा किंवा बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावरच मारायचा, नालीत कधीही नाही. पाणी नालीतून वाहते, तिथले छिद्र गळणारच. आडवा जोड दीड पन्हळीचा, उभा जोड अर्ध्या फुटाचा. मांडणीला सुरुवात पावसाचा वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकाकडून करायची, म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याला उघडे राहत नाही. हे सगळे सुताराला येते. पण घाईच्या दिवसांत दहा घरे हातात असली की तोही नालीत खिळा मारून मोकळा होतो. उभे राहून करवून घ्या. ज्या पत्र्याला नुसती पोक आली आहे, छिद्र नाही, तो काढू नका. जस्त उडालेल्या जागी तारेच्या ब्रशने घासून जस्ताचा प्रायमर लावला की तो पुष्कळ वर्षे जातो.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल मात्र आमचे मत कडक आहे. हे पत्रे गारेने तडकतात आणि तडकलेला पत्रा वरून धड दिसतो. त्यावर पाय ठेवला की माणूस सरळ खाली. दुरुस्तीला चढताना वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चाला. दुसरी गोष्ट, यातल्या पुष्कळ पत्र्यांत अस्बेस्टॉस असते. त्याची धूळ छातीत जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. १९८६ पासून आपल्या सरकारने अस्बेस्टॉसच्या नव्या खाणींना परवानगी थांबवली, पण बाहेर देशातून आणून त्याचे पत्रे करायला बंदी नाही. खाणीतल्या मजुराला जे नको ते आपल्या डोक्यावर चालते! फुटलेले तुकडे पाण्याने ओले करा, तोंडाला ओला फडका बांधा, कोरडे करवतीने कापू नका, आणि ते तुकडे गाडून टाका. रस्त्याच्या खड्ड्यात भरणे, कोठ्यात आडोसा करणे, पोरांना खेळायला देणे, हे चालू आहे ते बंद झाले पाहिजे.

आता पंचनाम्याचे. गावोगाव सांगितले जाते की तलाठी येईपर्यंत छपराला हात लावू नका. (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. कागद तोच आहे.) आम्ही सांगतो, त्याच संध्याकाळी ताडपत्री टाका. गारपीट एका दिवसाची नसते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ येते, आणि पंचनाम्याची वाट पाहत भिजलेला कापूस कोणी भरून देत नाही. झाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आतून एक आणि बाहेरून एक, घर ओळखू येईल असा. खाली भिजलेल्या मालाचाही काढा. फुटलेली कवेलू आणि पत्रे फेकू नका, अंगणात ढीग लावून ठेवा. शेजारच्या दोघांच्या सहीने साध्या कागदावर तारीख, वेळ, किती पत्रे फुटले, किती क्विंटल माल भिजला ते लिहा आणि ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. पंचनामा लिहून झाला की वाचून मगच सही करा. ‘अंशतः’ या शब्दापुढे आकडा नसेल तर लिहायला सांगा.

एक अडचण मोठी आहे. मदत मिळते ती अधिकृत म्हणून दाखला मिळालेल्या बांधकामाला. गावठाणातल्या घराला नमुना ८ असतो. शेतात राहणाऱ्यांच्या घराची बहुधा कुठेच नोंद नसते, आणि ई-क्लासवर झोपडी बांधून राहिलेल्या मजुरालाही ‘अतिक्रमण’ म्हणून बाहेर काढतात. गार पडताना नमुना ८ पाहत नाही. ज्याच्या हाताने आपला कापूस वेचला जातो त्याचे छप्पर गेले तर ते आपल्या यादीत असलेच पाहिजे, सरकारच्या यादीत असो वा नसो.

जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरावात याव्यात असे आम्हाला वाटते. गारपिटीत छपराचे क्षेत्र मोजून मदत, घरात साठवलेल्या शेतमालाची पंचनाम्यात वेगळी नोंद, आणि शेतातल्या घरांची ग्रामपंचायतीत नोंद करून घेण्याची मोहीम. पहिल्या दोन मुंबई-दिल्लीला लागतात. तिसरी गावात होते, तिला कोणाच्या सहीची वाट नको. बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या गावातली बिननोंदीची घरे मोजून आकडा आणावा. कवेलूची किती, टिनाची किती, सिमेंट पत्र्याची किती, तेही लिहावे.